ड्रायव्हर बदलले आणि विंडोज उठेना: सिस्टिम रिस्टोअरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं कर सल्लागाराचं कार्यालय. माणसं चार, संगणक तीन. सगळा भार एका ब्रँडेड डेस्कटॉपवर: इंटेलचा १२व्या पिढीचा प्रोसेसर, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११ होम. विकणाऱ्यानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एसएसडीचे दोन भाग पाडून दिले होते. सी वर विंडोज आणि प्रोग्रॅम, डी वर टॅलीचा डेटा आणि क्लायंटच्या फायली.

या मशीनबद्दल कार्यालयात कुणालाच ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी होत्या आणि पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरलं. एक, सी साठी सिस्टिम प्रोटेक्शन (सिस्टिमची त्या-त्या क्षणाची स्थिती ‘रिस्टोअर पॉइंट’ म्हणून जपणारी सोय) सुरू होतं आणि त्याला १० जीबी जागा दिलेली होती. बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं, त्यामुळे हा निव्वळ नशिबाचा भाग. दुसरी, डिव्हाइस एन्क्रिप्शनही, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोयही, सुरू होतं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन करून मशीन पहिल्यांदा चालू केलं की हार्डवेअर तसं असल्यास विंडोज हे आपसूक लावतं आणि रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, त्या खात्यात ठेवून देतं. खातं कुणाचं होतं, हे पुढे येईलच.

काय घडलं

जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक रिटर्नची मुदत २० तारखेची. १८ तारखेला सकाळी प्रिंटर अडखळत होता म्हणून एका कर्मचाऱ्यानं इंटरनेटवरून ड्रायव्हर (विंडोजला एकेक हार्डवेअर चालवू देणारे छोटे प्रोग्रॅम) अपडेट करणारा एक मोफत प्रोग्रॅम उतरवून टाकला. त्यानं स्कॅन करून लाल अक्षरांत लांबलचक यादी दाखवली आणि साउंड, लॅन असे काही ड्रायव्हर बदलले. काही बिघडलं नाही. दुपारी दीडच्या सुमारास टॅलीप्राइम २.१ वरून पुढच्या रिलीजवर नेलं आणि कंपन्यांचा डेटा मायग्रेट केला, म्हणजे नव्या रिलीजच्या रचनेत बदलून घेतला. संध्याकाळी सहाला त्याच अपडेटरनं उरलेले ड्रायव्हर घातले, त्यांत स्टोरेज कंट्रोलरचाही होता. रीस्टार्ट मागितलं, दिलं आणि निळी स्क्रीन आली: ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’.

या कोडचा अर्थ एवढाच, की विंडोज लोड व्हायला लागलं पण स्वतःची डिस्क त्याला सापडेना. डिस्क मेली असा तो अर्थ नाही. लागोपाठ सुरू होण्याचे प्रयत्न फसल्यावर विंडोज आपणहून दुरुस्तीच्या वातावरणात गेलं, स्टार्टअप रिपेअर चालवला आणि दुरुस्ती जमली नाही असं सांगून थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या दुकानातला मुलगा आला. त्यानं आपल्या पेनड्राइव्हवरून विंडोजचा सेटअप सुरू केला, तर डिस्कची यादी रिकामी. “सर, एसएसडी उडाली. नवी टाकून फॉरमॅट मारून देतो. डेटा पाहिजे असेल तर रिकव्हरीला पाठवावं लागेल.”

निदान

इथे पहिला निर्णय होता: त्याचं ऐकायचं की नाही. बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) उघडल्यावर एसएसडीचं मॉडेल आणि आकार दोन्ही नीट दिसत होते. म्हणजे डिस्क जिवंत होती, सेटअपला दिसत नव्हती. कारण असं, की इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुष्कळ मशीनवर एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या साध्या सेटअप पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ केलं की तीच डिस्क दिसू लागते. धडधाकट एसएसडी यापायी भंगारात जाण्याचे प्रकार होतात.

त्याच भेटीत बायोसमधली तारीख-वेळ पाहिली. ती बरोबर होती. हे पाहणं उगाच नव्हतं. मदरबोर्डवरचा सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, डिस्क जोडण्याची पद्धत व्हीएमडी किंवा रेडवरून एएचसीआयवर जाऊ शकते, आणि अगदी हीच निळी स्क्रीन येते. तिथे रिस्टोअर करून काही उपयोग नसतो. सेल बदलून सेटिंग पूर्ववत करायचं. लाइट जा-ये करणाऱ्या गावांत हे कारण आधी तपासावं. इथे तारीख चालू होती आणि व्हीएमडीही सुरू होतं, त्यामुळे संशय ड्रायव्हरवर आला.

घाईचं काम बाजूला काढलं

रिटर्न जीएसटी पोर्टलवर भरायचे असतात, या मशीनवर नव्हे. कंपन्या आणि एलएलपींना डिजिटल सही लागते, पण तिचं टोकन दुसऱ्या लॅपटॉपला लावून, टोकनचा ड्रायव्हर आणि ईएमसाइनर हा पोर्टलवर सही करणारा प्रोग्रॅम टाकून ते काम होत होतं. बाकीच्यांचं ओटीपीवर भागत होतं. आकडे टॅलीत अडकले होते, तरी बहुतेकांची शीट एक्सेलमध्ये काढून मेलवर पाठवलेली होती. अर्ध्या तासात एक माणूस त्या लॅपटॉपवर बसला आणि दुरुस्तीच्या डोक्यावरची २० तारीख उतरली. हे केलं नसतं तर दुपारपर्यंत कुणीतरी “काय व्हायचं ते होऊ दे, फॉरमॅट मारा” म्हणालंच असतं.

कोणते पर्याय होते

सेफ मोड. करून पाहिला, तिथेही तीच निळी स्क्रीन. सेफ मोडमध्ये फालतू ड्रायव्हर वगळले जातात, पण डिस्कचा ड्रायव्हर वगळून विंडोज उठणारच नाही.

शेवटचं अपडेट काढणं. दुरुस्तीच्या मेनूत ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ ठळक दिसतं म्हणून लोक आधी तेच दाबतात. इथे बिघाड मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा नव्हताच, तेव्हा चांगलं अपडेट काढून हाती काही लागलं नसतं.

नवा स्टोरेज ड्रायव्हर तेवढा बाहेरून उपटणं. कमांड प्रॉम्प्टमधून डिझम या साधनानं बंद विंडोजमधले ड्रायव्हर पाहता येतात आणि काढताही येतात. नेमकेपणाच्या दृष्टीनं हा उपाय आकर्षक वाटतो. पण बूटला लागणारा ड्रायव्हर असा काढला तर त्याच्या जागी जुना आपोआप येऊन बसेलच याची खात्री नाही, आणि व्हीएमडीच्या बाबतीत विंडोजच्या पदरी दुसरं काही नसेल तर स्थिती आहे त्याहून वाईट. शिवाय सकाळ-संध्याकाळ बदललेले बाकीचे ड्रायव्हर तसेच राहिले असते.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करून सेफ मोडनं उठवणं. विंडोजचा स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर मग डिस्क धरू शकतो. हा हुकमी नसला तरी खरा पर्याय होता. राखीव ठेवला.

‘रीसेट धिस पीसी’, फायली ठेवून. फायली राहतात, प्रोग्रॅम सगळे जातात. टॅली, टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटर, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि फाँट, सगळं पुन्हा टाका. किमान एक पूर्ण दिवस.

सिस्टिम रिस्टोअर. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही), सिस्टिमच्या फायली, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम ठरावीक क्षणाला होते तसे होतात; कागदपत्रं, फोटो, शीट जागेवर राहतात. बिघाड कधी घडला हे माहीत आहे आणि त्याच्या आधीचा पॉइंट आहे, असं जुळलं तर याच्याइतका स्वस्त उपाय नाही. एक खोट मात्र होती. विंडोज चालू असताना रिस्टोअर केलं तर ते उलटवता येतं. दुरुस्तीच्या वातावरणातून केलं तर उलटवता येत नाही. इथे दुसरा मार्गच नव्हता, त्यामुळे आधी डेटाची प्रत आणि मग पॉइंटची नीट निवड, हा क्रम ठरला.

रिकव्हरी कीचा शोध

‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘सिस्टिम रिस्टोअर’ असं गेल्यावर मशीननं ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली. डिव्हाइस एन्क्रिप्शन ज्यावर चालतं त्या बिटलॉकरचं नावच कार्यालयात कुणी ऐकलेलं नव्हतं. सल्लागारांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात की नव्हती. विकणाऱ्याकडेही नव्हती. अखेर आठवलं की मशीन आणलं त्या दिवशी पुण्याहून आलेल्या पुतण्यानं स्वतःच्या खात्यानं ते चालू करून दिलं होतं. त्याला फोन लावला. त्याच्या खात्यात या मशीनच्या नावावर दोन की निघाल्या, एक सी ची आणि एक डी ची. स्क्रीनवर कीच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं दिसतात. ती जुळवूनच की घालायची. फोनवर ४८ अंक वाचून घेण्यापेक्षा फोटो मागवलेला बरा.

संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त वेळ या शोधात गेला. की मिळाली नसती तर एसएसडी धडधाकट असूनही आतला डेटा कुणालाच काढता आला नसता, रिकव्हरीवाल्यालाही नाही.

आधी प्रत

दुरुस्तीच्या वातावरणातूनच कमांड प्रॉम्प्ट उघडला. सी ची की घातल्यावर सी उघडतो, डी आपोआप उघडत नाही. एरवी डी उघडायची व्यवस्था विंडोज चालू असताना सी मधून होते, इथे ती नसते. मॅनेज-बीडीई या आज्ञेनं डी ला त्याची स्वतःची की द्यावी लागली. ड्राइव्हची अक्षरंही इथे बदललेली असू शकतात. एक्स म्हणून दिसतो तो दुरुस्तीच्या वातावरणाचा तात्पुरता ड्राइव्ह, त्यात काही ठेवायचं नाही.

प्रतीसाठी सोपी युक्ती अशी: प्रॉम्प्टवर नोटपॅड सुरू करायचं, ‘फाइल’मधून ‘ओपन’ची खिडकी उघडायची आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडायचं. त्या खिडकीत फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी आणि बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतं. प्रगती दाखवणारी पट्टी मात्र येत नाही. खिडकी गोठल्यासारखी बसून राहते, आणि वीसेक मिनिटं काही हललं नाही की हात पॉवर बटणाकडे जातो. बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजायचं. डेटा मोठा असेल तर रोबोकॉपी ही प्रत काढण्याची आज्ञा चांगली, ती एकेका फाइलचं नाव दाखवत जाते.

त्याच नोटपॅडमधून विंडोजच्या आयएनएफ फोल्डरातली सेटअपएपीआय-डेव्ह ही लॉग फाइल उघडली. कोणता ड्रायव्हर कधी बसला हे तिच्यात वेळेसकट लिहिलेलं असतं. अगदी तळाशी स्टोरेज कंट्रोलरची नोंद होती, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांची. इथवर संशय होता, आता पुरावा मिळाला.

कोणता पॉइंट

यादीत तीन पॉइंट होते. सर्वांत जुना महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या विंडोज अपडेटच्या आधीचा. मधला टोकनचं सॉफ्टवेअर टाकतानाचा. सर्वांत नवा १८ तारखेच्या सकाळचा, ड्रायव्हर अपडेटरनं स्वतः केलेला.

संध्याकाळी त्यानं पुन्हा ड्रायव्हर घातले, मग तेव्हाचा पॉइंट का नाही? विंडोज ८ पासूनचा नियम असा, की प्रोग्रॅमनं पॉइंट मागितला आणि मागच्या २४ तासांत एक झालेला असेल, तर विंडोज नवा करत नाही. प्रोग्रॅम मात्र ‘रिस्टोअर पॉइंट तयार’ असं बिनदिक्कत दाखवतो. त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मध्ये झालेलं सगळं एकाच गाठोड्यात अडकलं, आणि त्या गाठोड्यात टॅलीचं नवं रिलीजही होतं.

सकाळच्या पॉइंटवर गेलं की सी वरचं टॅली पुन्हा २.१ होणार. डी वरचा डेटा रिस्टोअरच्या कक्षेत नाही, तो मायग्रेट झालेलाच राहणार. आणि पुढच्या रिलीजमध्ये मायग्रेट केलेला डेटा २.१ उघडत नाही. म्हणजे रिस्टोअर यशस्वी झाल्यावर टॅली उघडलं तर डेटा बिघडल्यासारखा दिसणार. हे आधी लक्षात आलं नसतं, तर कुणीतरी घाबरून आठवड्यापूर्वीचा बॅकअप डी वर चढवला असता आणि मधल्या आठवड्याच्या नोंदी गेल्या असत्या. म्हणून रिस्टोअरच्या आधीच टॅलीच्या नव्या रिलीजचा सेटअप लॅपटॉपवर उतरवून ठेवला, लायसन्सचा सिरियल नंबर काढून ठेवला आणि पाटीच लावली: ‘टॅली उघडायचं नाही.’

मधला किंवा जुना पॉइंट निवडायचं कारण नव्हतं. जितकं मागे जावं तितकं पुन्हा टाकावं लागतं. बिघाडाच्या आधीचा आणि बिघाडाला सर्वांत जवळचा, तोच घ्यायचा.

एक अडचण या निवडीतून सुटत नव्हती. अपडेटर आधी बसला आणि मग त्यानं पॉइंट केला. म्हणजे रिस्टोअरनंतर ड्रायव्हर जुने होणार, पण अपडेटर तिथेच राहणार, स्वयंचलित स्कॅनसकट.

प्रत्यक्ष रिस्टोअर

लॅनची केबल काढली. प्रिंटर, टोकन, बाहेरची डिस्क सगळं सोडवलं. कीबोर्ड, माउस तेवढे ठेवले. यूपीएस १० मिनिटांचा आणि रिस्टोअर पाऊण तासही घेऊ शकतं, म्हणून मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं. मध्येच वीज गेली तर रजिस्ट्री अर्धी जुनी, अर्धी नवी राहू शकते आणि मग फॉरमॅटशिवाय फारसं काही उरत नाही.

पॉइंट निवडला, सी ला खूण आहे हे पाहिलं, सुरू केलं. फायली परत ठेवण्याचा टप्पा भराभर गेला. रजिस्ट्रीच्या टप्प्यावर बराच वेळ काही हललं नाही. तिथे असंच होतं, थांबायचं. अर्ध्या तासानं पूर्ण झाल्याचा संदेश आला.

हे काम विंडोज चालू असताना करणाऱ्यांना पुष्कळदा ८००७०००५ या आकड्यांचा एरर येतो. तो परवानगी नाकारल्याचा कोड. बहुधा अँटिव्हायरस आपल्या फायली बदलू देत नाही, म्हणून येतो. अँटिव्हायरस तात्पुरता बंद करून किंवा दुरुस्तीच्या वातावरणातून केलं की सहसा निभतं. इथे तिथूनच चालवल्यानं तो प्रश्न आला नाही.

सुरू झाल्यावरचा क्रम

विंडोज उठलं. पहिलं काम अपडेटर अनइन्स्टॉल करणं आणि टास्क शेड्युलरमधली त्याची नोंद गेली का ते पाहणं. मग रीस्टार्ट, पुन्हा नीट उठतंय याची खात्री, आणि त्यानंतरच केबल लावली. हा क्रम उलटा झाला असता तर रात्रीच्या स्कॅनमध्ये तोच ड्रायव्हर पुन्हा बसण्याची सोय होती.

त्यानंतर टॅलीचं नवं रिलीज टाकलं आणि एकेक कंपनी उघडून १८ तारखेच्या शेवटच्या व्हाउचरपर्यंत नोंदी ताडल्या. सगळ्या होत्या. डेस्कटॉपवर एक मजेशीर गोष्ट दिसली: १८ च्या दुपारी उतरवलेल्या एक्सेल शीट जागच्या जागी, पण त्यांच्याच शेजारी ठेवलेला टॅलीचा सेटअप गायब. वापरकर्त्याच्या फोल्डरात असली तरी प्रोग्रॅम प्रकारातली फाइल रिस्टोअर हलवू शकतं. डेस्कटॉपवर सेटअप साठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शेवटी अँटिव्हायरसच्या व्याख्या अद्ययावत केल्या, आणि प्रिंटरचा ड्रायव्हर प्रिंटर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेऊन टाकला. मूळ तक्रार तिथे संपली.

निष्पत्ती

१९ तारखेच्या संध्याकाळी मशीन कामाला लागलं. रिटर्न दोन्ही मशीनवरून वेळेत गेले. नवी एसएसडी घ्यावी लागली नाही, डेटा एक ओळही गेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बायोसमध्ये एसएसडी दिसते का हे पाहायला दोन मिनिटं लागतात. दुकानातल्या मुलानं तेवढं केलं असतं तर अर्धी सकाळ वाचली असती. त्याचा दोष फार नाही. व्हीएमडी नसलेल्या जुन्या मशीनवर तोच पेनड्राइव्ह नीट चालत आलेला आहे.

एका दिवसात दोन मोठे बदल केले नसते तर टॅलीचा गुंता झालाच नसता. आणि करायचेच होते, तर टॅली टाकण्याआधी सिस्टिम प्रोटेक्शनच्या खिडकीतलं ‘क्रिएट’ दाबून हातानं एक पॉइंट करायला हवा होता. प्रोग्रॅमच्या भरवशावर राहिलं की २४ तासांचा नियम आड येतो.

व्हीएमडी बंद करून सेफ मोडनं उठवायचा राखीव पर्याय आधी करून पाहायला हवा होता का, यावर मतभेद होऊ शकतो. जमलं असतं तर चालू विंडोजमधून ड्रायव्हर मागे घेता आला असता आणि टॅलीला धक्का लागला नसता. पण की तेव्हाही लागलीच असती, आणि किती ड्रायव्हर कुठले बदललेत याची यादी एकेक करून तपासावी लागली असती. मुदत दुसऱ्याच दिवसावर असताना रिस्टोअर हाच निर्णय बरा वाटतो.

कार्यालयानं आता दोन्ही रिकव्हरी की कागदावर छापून मशीनच्या बिलाच्या फायलीत लावल्या आहेत. डी चा डेटा रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर जातो, कारण रिस्टोअर पॉइंट त्याच एसएसडीवर राहतात आणि एसएसडी गेली की तेही गेले. जुन्या पॉइंटवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटपासून पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस टिकतात, आणि जागा कमी पडली तर त्याआधीच पुसले जातात. मोठं काही टाकण्यापूर्वी हातानं पॉइंट करायचा आणि त्याच्या नावात कारण लिहायचं, असं ठरलं आहे. पहिल्याचं नाव आहे ‘टॅली नवं रिलीज चालू, ड्रायव्हर कंपनीचे’.